तिसऱ्याने जायचं कुठे?

इनडोअर, म्हणजे छताखालची, साठ मीटरची शर्यत स्क्रीनवर बघताना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे फिनिश लाइनच्या पुढे भिंत असते. खरीखुरी भिंत. तिला टेकवून जाड जाड गाद्या उभ्या केलेल्या असतात. मोकळ्या मैदानावर शंभर मीटर पळून झालं की धावपटू रमतगमत थांबतो, वळणापर्यंत जातो, कमरेवर हात ठेवून मोठ्या स्क्रीनकडे बघतो, कोणाशी तरी हात मिळवतो, वाटलं तर तसाच चालत चालत पार पलीकडे निघून जातो. छताखाली हे लाड नाहीत. रेघेपासून भिंतीपर्यंत फार तर दहा-पंधरा मीटर, आणि टॉपचा पुरुष धावपटू त्या क्षणी सेकंदाला अकरा मीटरच्या वरच्या वेगात असतो, म्हणजे थांबायला धड दीड सेकंदही मिळत नाही. मग सगळे धाडधाड जाऊन गादीवर आपटतात. जिंकणारा पण आणि शेवटचा पण, एकाच गादीवर, शेजारीशेजारी.

मला या खेळाचं वेड लागलं ते बहुतेक या गादीमुळेच. रेकॉर्ड, टायमिंग, कोण कुठला, हे सगळं नंतर कळायला लागलं. आधी डोक्यात बसलं ते एवढंच की इथे हरलेल्याला जिंकलेल्यापासून लांब जाताच येत नाही.

इनडोअर नॅशनल्स बघते म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, छताखाली कशाला पळायचं? तर थंडीमुळे. ज्या देशांत जानेवारी-फेब्रुवारीत ट्रॅकवर बर्फ साचलेला असतो तिथल्या लोकांनी काय उन्हाळा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? ते हॉलमध्ये शिरले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लाकडी फळ्यांचा ट्रॅक टाकायचे, एक फेरी १६० यार्डांची, म्हणजे मैलभर पळायचं तर अकरा चकरा. आयर्लंडच्या एमन कॉगलनने तिथल्या मिलरोझ गेम्समधली वॉनामेकर माइल ही शर्यत सात वेळा जिंकली आणि लोक त्याला 'चेअरमन ऑफ द बोर्ड्स' म्हणायला लागले. १९८३ मध्ये त्याने छताखाली एक मैल ३ मिनिटं ४९.७८ सेकंदांत मारला, आतमध्ये ३:५० च्या खाली जाणारा तो पहिला. आणि मग १९९४ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ३:५८.१५. चाळिशीनंतर चार मिनिटांच्या आत मैल पळणारा जगातला पहिला माणूस, तोही इनडोअर ट्रॅकवरच. चाळिशी ओलांडलेल्या कोणाही माणसाने हा आकडा फार वेळ बघत बसू नये, तब्येतीला चांगलं नसतं.

आताचा ट्रॅक सिंथेटिक, एक फेरी २०० मीटरची, साधारण सहा लेन, आणि वळणं तिरकी उचललेली. का उचललेली, तर बाहेरच्या ४०० मीटर ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या साडेछत्तीस मीटर असते आणि इथे सतरा मीटरच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. त्या वेगात सपाट जमिनीवर एवढं अरुंद वळण घ्यायचं म्हणजे बाहेर फेकलं जाण्याचीच तयारी. म्हणून दहा अंशांपर्यंत चढ देतात. काही हॉलमध्ये तर हा चढ हायड्रॉलिक असतो, बटण दाबलं की वळणं वर येतात आणि स्पर्धा संपली की परत सपाट. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा शर्यतीपेक्षा त्याच्यातच जास्त रमले होते मी, खोटं कशाला बोलू.

चारशे मीटर ही माझ्या मते इनडोअरमधली सगळ्यात क्रूर शर्यत. बाहेर चारशे म्हणजे एक फेरी, आपली लेन आपल्याला, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. आत दोन फेऱ्या. पहिली दोन वळणं आपापल्या लेनमध्ये आणि मग ब्रेक लाइन येते, तिथून सगळे आतल्या लेनकडे तुटून पडतात. तिथे जो पुढे असतो तो निम्मी शर्यत जिंकलेला असतो, कारण पुढे फक्त दोन छोट्या सरळ आणि दोन वळणं उरतात, आणि वळणावर कोणाला ओलांडायचं तर बाहेरून, वर चढून, जास्त अंतर पळून जावं लागतं. म्हणजे दम शेवटपर्यंत लागतो पण निकाल बऱ्याचदा मध्यावरच ठरतो. बाहेरच्या लेनवाल्यांना वळण थोडं सैल मिळतं आणि वरून खाली उतरत यायला मिळतं, आतल्या लेनवाला बिचारा त्या चिंचोळ्या वळणात स्वतःला कोंबत असतो. लेनचं ड्रॉ बघूनच काही जणांचे चेहरे उतरतात ते उगाच नाही. एके काळी वर्ल्ड इनडोअरमध्ये, म्हणजे छताखालच्या जागतिक स्पर्धेत, दोनशे मीटर पण असायची, २००४ नंतर ती काढून टाकली, कारण लेनवरच सगळं ठरायला लागलं होतं.

२०१८ च्या बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड इनडोअरमध्ये तर या चारशेने कहर केला. पहिल्या फेरीच्या एका हीटमध्ये, म्हणजे एका गटाच्या शर्यतीत, पाच जण होते आणि पाचही बाद. एक फॉल्स स्टार्टवर गेला, बाकीच्या चौघांनी वळणावर लेनची रेघ तुडवली. हीटचा निकाल म्हणजे कोरी पाटी. बरं तेवढ्यावर थांबलं नाही, फायनलमध्ये स्पेनचा ऑस्कर हुसिलोस पहिला आला, ४४.९२, युरोपियन रेकॉर्ड, झेंडा बिंडा घेऊन झाला, आणि मग कळलं की त्याचा पाय रेघेवर पडला होता. तो बाद, दुसरा आलेला लुगेलिन सांतोस पण बाद. तिसऱ्या नंबरवर आलेला चेक रिपब्लिकचा पावेल मास्लाक गोल्ड घेऊन गेला, त्याचं लागोपाठ तिसरं. तिसऱ्याचं नशीब असं फळफळल्याचं उदाहरण मला हे एकच पटकन आठवतं. बाकी वेळा तिसऱ्याचं काय होतं ते सांगण्यासाठीच खरंतर हा लेख लिहायला घेतलाय.

राष्ट्रीय स्पर्धा म्हटलं की आपल्याला वाटतं पहिला कोण आला ते महत्त्वाचं. पण ज्या वर्षी वर्ल्ड इनडोअर असते त्या वर्षी नॅशनल्सचा सगळा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या मधल्या फटीत अडकलेला असतो. कारण वर्ल्ड इनडोअरला एका देशाचे एका इव्हेंटमध्ये दोनच जण जातात (आधीच्या चॅम्पियनला वगैरे वेगळं वाइल्ड कार्ड मिळतं ते सोडा). लहान देशाला याचं काही वाटत नाही, दोन जण जमवतानाच मारामार. पण अमेरिकेसारख्या देशात, जिथे साठ मीटरला जगातले पहिले पाच-सहा शोधायला गेलं तर त्यातले बरेच एकाच हॉलमध्ये सापडतात, तिथे तिसरा येणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं. जगात तिसरा येऊ शकणारा माणूस देशात तिसरा आला म्हणून घरी बसतो.

अमेरिकेची ही स्पर्धा शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिचा सगळ्यात गाजलेला पत्ता म्हणजे न्यू मेक्सिकोमधलं अल्बुकर्की. तिथे कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे जिथे एरवी परिषदा आणि प्रदर्शनं भरतात तिथे, हिवाळ्यात तिरक्या वळणांचा दोनशे मीटर ट्रॅक उभा करतात. शहर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर, हवा विरळ. स्प्रिंटर्सची चंगळ, कारण हवा अडवत नाही. लांब पल्ल्याच्या लोकांचे हाल, कारण श्वासच पुरत नाही, आणि मग ते लोक शहाणपणाने सुरुवातीला हळूहळू चकरा मारत राहतात आणि शेवटच्या दीड फेरीत एकदम सुटतात. त्यात बंद हॉलची कोरडी हवा. शर्यत संपली की खोकल्याची एक साथच सुरू होते, पंधरा चकरा मारून आलेली माणसं वाकून वाकून खोकत असतात आणि मुलाखत घेणारा माइक पुढे करून उभा असतो.

तर १८ फेब्रुवारी २०१८, अल्बुकर्की, पुरुषांची साठ मीटर फायनल. ख्रिश्चन कोलमन. त्याने महिनाभर आधीच अमेरिकेतल्याच क्लेमसनला ६.३७ सेकंद मारले होते पण तो विश्वविक्रम म्हणून मंजूर झाला नाही, तिथे कोण आधी हललं ते टिपणारे इलेक्ट्रॉनिक स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. पळाला खरा, पण कागदावर नाही. मग या फायनलमध्ये त्याने ६.३४ काढले, मॉरिस ग्रीनचं वीस वर्षं टिकलेलं ६.३९ एकदाचं गेलं. बातम्या, हेडलाइन, सगळीकडे कोलमन. मी ती शर्यत नंतर कितीदा तरी बघितली आणि प्रत्येक वेळी माझं लक्ष शेजारच्या माणसाकडे जातं. रॉनी बेकर, ६.४०. त्या दिवसापर्यंत इतिहासात त्याच्यापेक्षा वेगाने साठ मीटर पळालेली दोनच माणसं होती, ग्रीन आणि कोलमन, आणि त्यातला एक त्याच शर्यतीत त्याच्या पुढे होता. सहा शतांश सेकंद म्हणजे त्या वेगात दीडएक हात अंतर. आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत पळावी आणि ती नेमकी दुसऱ्याच्या विश्वविक्रमात खपून जावी! पण तो दुसरा होता, म्हणून बर्मिंगहॅमला गेला, आणि तिथे ब्रॉन्झ आणलं. पुढे टोकियो ऑलिंपिकच्या शंभर मीटर फायनलमध्ये पण होता, ९.९५, पाचवा. अल्बुकर्कीला तो दीड हात अजून मागे असता तर? माहीत नाही, म्हणजे हे जर-तर सगळे खेळ बघणारे करतात आणि त्याला काही अर्थ नसतो, तरी करतातच.

२०२४ ला परत अल्बुकर्की. या वेळी कोलमनच्या शेजारी नोआ लाइल्स. लाइल्स म्हणजे दोनशे मीटरवाला, शेवटी सुटणारा, त्याची सुरुवात कायम रडतखडत. साठ मीटर त्याच्यासाठी नव्हतीच असं सगळे म्हणायचे, साठ मीटरला तो जेमतेम उभा राहतो तोवर शर्यत संपते. तर त्याने ६.४३ मध्ये ती जिंकली, कोलमन ६.४४. एक शतांश सेकंद म्हणजे त्या वेगात साधारण अर्धी वीत. अर्ध्या वितीने विश्वविक्रमवीर हरला. पण दुसरा आला ना, मग दोन आठवड्यांनी ग्लासगोला वर्ल्ड इनडोअरमध्ये दोघेही उभे, आणि तिथे कोलमन ६.४१, लाइल्स ६.४४. देशात दुसरा, जगात पहिला. लाइल्स मात्र त्या हिवाळ्यात सुरुवात सुधारत सुधारत गेला आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला शंभर मीटरचं ऑलिंपिक गोल्ड घेऊन आला, ९.७८४ विरुद्ध ९.७८९, तिथे तर शतांशही नव्हता, सहस्रांश मोजावे लागले. माझं आपलं मत, त्या पाच सहस्रांशांतले निदान काही तरी छताखालच्या साठ मीटरमध्ये कमावलेले होते. जे लोक इनडोअरला टाइमपास समजतात त्यांच्यासाठी हे एक उदाहरण खिशात ठेवलेलं बरं.

त्याच स्पर्धेत, आदल्या दिवशी, ग्रँट होलोवेने साठ मीटर हर्डल्सच्या पहिल्याच फेरीत ७.२७ काढून स्वतःचाच विश्वविक्रम मोडला. पहिल्या फेरीत! आणि मग फायनल पळलाच नाही, कारण आधीचा चॅम्पियन म्हणून ग्लासगोचं तिकीट त्याच्याकडे होतंच. त्याच दिवशी टिया जोन्सने महिलांच्या हर्डल्समध्ये ७.६७ काढून पाचच दिवसांपूर्वी झालेल्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली, तीही पहिल्या फेरीतच. तो विक्रम होता बहामाच्या डेव्हिन चार्ल्टनचा, आणि मार्चच्या सुरुवातीला तिने तो अजून खाली नेला, ७.६५. तर एका दुपारी, परिषदांच्या हॉलमध्ये, फायनल लागायच्या आधीच एवढं सगळं घडून गेलेलं, आणि प्रेक्षकांतले अर्धे लोक अजून आपली सीट शोधत असणार.

साठ मीटर हर्डल्समध्ये पाच अडथळे असतात, बाहेरच्या शर्यतीच्या निम्मे. पुरुषांचे १.०६७ मीटर उंच, पहिल्या अडथळ्यापर्यंत १३.७२ मीटर, मग दर दोन अडथळ्यांच्या मध्ये ९.१४ मीटर आणि तीन पावलं. पाचातल्या एकाला नुसता घोटा घासला तरी खेळ खल्लास. बाहेरच्या एकशे दहा मीटरमध्ये दुसऱ्या अडथळ्याला अडखळलेला माणूस आठव्यापर्यंत भरून काढताना मी बघितलाय, इथे भरून काढायला आठवा अडथळाच नाही. चूक झाली की ती तशीच्या तशी फिनिशपर्यंत बरोबर येते.

आता थोडं स्वतःबद्दल. शाळा-कॉलेजात मी चारशे पळायचे, मोकळ्या मैदानावर, फार काही दिवे लावले नाहीत पण फायनलपर्यंत जायचे आणि बऱ्याचदा तिसरी-चौथी यायचे. तेव्हा हरण्याची माझी एक पद्धत ठरलेली होती. रेघ ओलांडली की थांबायचंच नाही. तसंच चालत राहायचं, वळणापाशी, वळणाच्या पलीकडे, जिथे कोणी नाही तिथपर्यंत, आणि तिथे खाली बसून बुटांच्या लेस सोडायच्या, सावकाश, एक एक भोक. परत येईपर्यंत चेहरा जागेवर आलेला असायचा आणि जिंकलेल्या मुलीला हसून "मस्त पळालीस गं" म्हणता यायचं. मैदान मोठं असण्याचा हा एक उपयोग आहे, आणि तो नियमांच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही.

म्हणूनच एकदा एक राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा हॉलमध्ये बसून बघायला मिळाली तेव्हा माझी नजर सारखी हरलेल्यांवर. आधी तर आवाजानेच दमायला होतं. सगळं एकाच वेळी चालू. ट्रॅकवर आठशेची हीट, मधल्या जागेत एका बाजूला तिहेरी उडी, दुसऱ्या बाजूला बांबूउडी, कोपऱ्यात जाळीच्या आत गोळाफेक. (गोळा पण इनडोअरचा वेगळा, वरून मऊ आवरण असलेला, नाहीतर फरशीची वाट लागेल. भालाफेक, थाळीफेक आत नसतेच, कारण उघड आहे. अमेरिकेत मात्र वेट थ्रो नावाचा एक राक्षसी प्रकार असतो, पुरुषांसाठी पस्तीस पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सोळा किलोचा गोळा हँडलला धरून गरगर फिरायचं आणि सोडायचं. मला तो प्रकार बघताना कायम माझ्या दिशेनेच येईल असं वाटतं.) बांबूउडीवाला टाळ्या मागतोय, लोक लयीत टाळ्या वाजवतायत, आणि तेवढ्यात स्टार्टरने साठ मीटरसाठी शांतता मागितली की टाळ्या बंद, अख्खा हॉल चिडीचूप, बांबू खांद्यावर घेतलेला तो माणूस तसाच उभा. मग पिस्तुलाचा आवाज, तो चारी भिंतींवरून परत येतो, साडेसहा सेकंद नुसता आरडाओरडा, गादीवर धप्प धप्प धप्प, आणि परत टाळ्या सुरू जणू मध्ये काही झालंच नाही.

त्यात महिलांची आठशेची फायनल झाली. चार फेऱ्या, पहिली फेरी सुरू होते न होते तोच सगळ्या आत घुसतात, कोपर लागतात, स्पाइक्स म्हणजे खिळ्यांचे बूट लागतात, पडायची भीती कायम. शेवटच्या सरळीला तिघी एका ओळीत होत्या आणि तिघीही एकदम पुढे झुकल्या. स्क्रीनवर नावं यायला वेळ लागला. पहिलं नाव आलं, दुसरं आलं, आणि तिसरीने स्क्रीनकडे बघून मान खाली घातली. ओरडली नाही, रडली नाही, काही नाही. तिला बाहेर जायचं होतं. पण बाहेर जायचा रस्ता मधल्या जागेतून, साठ मीटरची सरळ ओलांडून, आणि तिथे पुढच्या शर्यतीचे लोक ब्लॉकमध्ये बसायला लागले होते. एका पंचाने हात आडवा केला, थांब म्हणून. त्याचंही बरोबर होतं, त्याचं कामच ते. मग ती थांबली, त्या सगळ्या शांततेत, शेकडो लोकांच्या समोर, छाती अजून वरखाली होतेय, एका हातात काढलेला स्पाइक, दुसरा अजून पायात. तिच्या डाव्या हाताला जिंकलेल्या मुलीला झेंडा देत होते. उजव्या हाताला गोळाफेकवाला आपला नंबर कधी येतो म्हणून बोटांना पावडर लावत होता. पिस्तूल वाजलं, शर्यत झाली, पंचाने हात खाली घेतला आणि ती गेली. एवढंच. सगळं मिळून मिनिटभर असेल. मला मात्र त्या दिवशीचा एकही विजेता आठवत नाही.

बरं, तिसऱ्यांचीच ही गोष्ट आहे असंही नाही. २०२५ चा फेब्रुवारी बघा. ८ तारखेला न्यूयॉर्कला मिलरोझ गेम्समध्ये यारेड नुगूसेने मैल ३:४६.६३ मध्ये पळून विश्वविक्रम केला. त्याच शर्यतीत दुसरा आलेला हॉब्ज केसलर ३:४६.९०, म्हणजे तोही जुन्या ३:४७.०१ च्या विश्वविक्रमाच्या खाली. जुना रेकॉर्ड त्यानेही मोडला, पण कोणासाठी? आणि नुगूसेचं तरी काय, पाच दिवसांनी फ्रान्समध्ये लिएव्हँला नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसनने ३:४५.१४ मारले, आणि जाता जाता त्यातच पंधराशेचा रेकॉर्ड पण उरकून टाकला, ३:२९.६३. पाच दिवसांचा विश्वविक्रमवीर. तरी पाच दिवस का होईना, यादीत नाव लागलं. केसलर एका सेकंदाच्या पाव भागाने तेही चुकला. त्याच महिन्यात, २१ तारखेला, बॉस्टनच्या युनिव्हर्सिटी ट्रॅकवर आपला गुलवीर सिंग पाच हजार मीटर पळाला, दोनशेच्या पंचवीस चकरा, १२:५९.७७. तेरा मिनिटांच्या आत जाणारा पहिला भारतीय. तो आकडा बघून मी एकटीच खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या, आजूबाजूला कोणालाच पत्ता नाही काय झालं.

बांबूउडीवाल्यांना मात्र हॉल मानवतो. वारा नाही, पाऊस नाही, त्यांच्यासाठी तर स्वर्गच. युक्रेनच्या सर्गेई बुबकाने १९९३ मध्ये डोनेत्स्कला ६.१५ मीटर मारली आणि ती उंची एकवीस वर्षं कोणाला शिवता आली नाही. २०१४ ला फ्रान्सचा रेनो लाव्हिलेनी त्याच डोनेत्स्कला गेला, बुबका समोर बसलेला, आणि ६.१६ पार केली. मग लगेच ६.२१ लावायला सांगितली, त्या प्रयत्नात पायाला दुखापत झाली आणि पुढच्या महिन्यातली वर्ल्ड इनडोअर हुकली. वेडेपणा म्हणा, पण मला तो भयंकर आवडला, त्या दिवशी तरी एक सेंटिमीटरवर समाधान मानायची त्याची तयारी नव्हती. आता स्वीडनचा डुप्लांटिस आल्यापासून सगळा हिशोबच बदललाय, २०२५ च्या फेब्रुवारीत क्लेरमाँ-फेराँला छताखाली ६.२७, आणि तो एक एक सेंटिमीटर असा काढतो जणू घाई कसली आहे. बांबूउडीत तिसरा आलेल्याची गोष्ट पण जरा वेगळी असते. तीन वेळा बार पडला की तो आपली पिशवी भरतो आणि तिथेच बाकावर बसून पुढच्यांना बघतो, कधी कधी तर टाळ्या पण वाजवतो. त्यांना एकमेकांबरोबर दोन-दोन तास त्या गादीभोवती काढायची सवय असते. स्प्रिंटर्सकडे ते साडेसहा सेकंदच असतात, ओळख व्हायच्या आत निकाल.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून वर्ल्ड अॅथलेटिक्सने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, रेकॉर्डच्या यादीतली छताची अट काढून टाकली, दोनशे मीटरचा छोटा ट्रॅक असला म्हणजे झालं, वर आभाळ असलं तरी चालेल. नियम म्हणून पटतो, हॉल बांधायला परवडत नाही अशा देशांना सोयीचंच आहे. पण माझ्यासारखीला थोडं वाईट वाटलं. या खेळातली निम्मी मजा त्या चार भिंतींचीच आहे, पिस्तुलाचा आवाज परत येण्याची, पंचाने आडव्या केलेल्या हाताची, त्या गादीची. छप्पर काढलं की हरलेल्याला परत पलीकडे चालत जायला जागा मिळणार. तसं बघितलं तर त्याच्यासाठी बरंच आहे म्हणा.

माझी तक्रार आहे ती प्रक्षेपण करणाऱ्यांशी. साठ मीटर संपली की कॅमेरा विजेत्याच्या तोंडावर जातो, मग त्याचा कोच, मग रिप्ले, मग स्लो मोशनमधला रिप्ले, मग वरून घेतलेला रिप्ले. शर्यत साडेसहा सेकंदांची आणि तिचे रिप्ले मिनिटभर चालतात. त्यातले पाच सेकंद गादीपाशी द्या ना. तिसरा माणूस तिथेच असतो, स्क्रीनवर नावं यायची वाट बघत, आणि आपल्याला सांगायला कोणी नसतं की हा जो लाल जर्सीतला दिसला न दिसला तो जगात चौथा की पाचवा आहे आणि पुढच्या महिन्यात वर्ल्ड इनडोअर तो घरी बसून बघणार आहे. मी आता निकालाचं पान उघडलं की आधी तिसरी ओळ वाचते, टायमिंग बघते, दुसऱ्याच्या टायमिंगमधून वजा करते. बहुतेक वेळा उत्तर दोन-तीन शतांश येतं. परवा एका जुन्या निकालात ते शून्य आलं, शतांशापर्यंत दोघं सारखे, पुढे कंसात सहस्रांश दिले होते. दोन सहस्रांश. त्याचं नाव शोधून मी त्याच्या पुढच्या हंगामाचे सगळे निकाल बघून काढले, पळतोय अजून, बरा पळतोय.